चोथ्याला चार दिवस सुट्टी

कोलोनोस्कोपीची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून तपासणीची, तारीख ठरली की हातात एक कागद येतो. भाकरी बंद, मेथी-पालक बंद, उसळी बंद, पेरू आणि टोमॅटो तर अजिबात नको. मधुमेहाच्या धाकाने वर्षानुवर्षं काकडी-गाजर चावणाऱ्या माणसाला वाटतं, कागद चुकून भलत्याच पेशंटचा आला. कागद त्याचाच असतो.

आपल्या पाचकरसांना चोथ्यातलं सेल्युलोज तोडता येत नाही. भात, अंडं, मासा यांचा बहुतेक भाग लहान आतड्यातच शोषला जातो. चोथा मात्र मोठ्या आतड्यात उतरतो आणि मळाचं आकारमान वाढवतो. एरवी हेच हवं असतं. पण तपासणीच्या दिवशी टोमॅटोची साल आतड्याला चिकटून बसली, तर तिच्याखालचा बारीक पॉलिप (अस्तरावरची गाठ) नजरेतून सुटू शकतो. पेरूच्या बियांनी दुर्बिणीची शोषणनळी तुंबते ती वेगळीच. क्रोनच्या आजारात, किंवा आपल्याकडे अजूनही दिसणाऱ्या आतड्याच्या क्षयात, आतडं एखाद्या जागी आकसतं. तिथे संत्र्याचा चोथा किंवा कच्चा कोबी अडकला की पोट फुगतं, कळा येतात, कधी मार्गच बंद होतो. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस उसळल्यावरही काही दिवस असाच कमी चोथ्याचा आहार सांगतात.

मोठ्या माणसाने दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू, म्हणजे हाच चोथा, खावेत, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. या आहारात ते साधारण 10 ग्रॅमच्या आत ठेवतात. आपल्या स्वयंपाकघरात हे अवघड नाही: मऊ भात, पेज, सालाशिवायच्या मुगाचं पातळ वरण, सोललेला बटाटा, बिया काढलेला दुधी, पिकलेलं केळं, अंडं, वाफवलेला मासा, सोसत असेल तर ताक. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यामुळे तोही चालतो. पण दाण्याच्या कुटाशिवायची खिचडी कोण खाणार? त्यापेक्षा साबुदाण्याची पेज बरी. आणि पालक मिक्सरमधून काढला म्हणजे झालं, असं नाही. चोथा बारीक होतो, नाहीसा होत नाही.

या आहाराचा इतिहासही गमतीचा आहे. मोठ्या आतड्याच्या भिंतीला बारीक पिशव्या येतात, त्या डायव्हर्टिक्युलर आजारावर कित्येक दशकं कमी चोथ्याचंच पथ्य दिलं जाई. युगांडात अनेक वर्षं काम केलेले सर्जन डेनिस बर्किट यांना तिथल्या भरड खाणाऱ्या लोकांत हा आजार जवळपास दिसलाच नव्हता. नील पेंटर यांच्यासोबत 1971 मध्ये त्यांनी लिहिलं, की हा पाश्चात्त्य आहारातल्या उणिवेचा आजार आहे. पुढच्याच वर्षी पेंटर यांनी 70 रुग्णांना चक्क कोंडा खायला दिल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेकांना आराम पडला होता! पिशव्या मुळात कशामुळे होतात यावर आजही वाद आहे, पण कायमचं मऊ पथ्य मागे पडलं ते पडलंच. 2008 मध्ये 47 हजारांहून अधिक पुरुषांच्या अभ्यासात दाणे, मका किंवा पॉपकॉर्न खाल्ल्याने या पिशव्यांचा दाह वाढतो, असं आढळलं नाही.

खरी अडचण वेगळीच असते. पोट हलकं वाटू लागलं की माणूस हेच पथ्य महिनोन्‌महिने चालू ठेवतो. मोठ्या आतड्यातले जीवाणू तंतू आंबवून ब्युटिरेट तयार करतात, आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच्यावर जगतात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या पोटात माणसाचे जीवाणू वाढवून उंदरांच्या खाण्यातले तंतू बंद केले, तेव्हा त्या जीवाणूंनी आतड्याचा संरक्षक श्लेष्मच खायला सुरुवात केली. उंदरांवरचा प्रयोग जसाच्या तसा माणसाला लागू होत नाही हे खरं. पण बद्धकोष्ठतेसाठी तर उंदरांची साक्षही लागत नाही.

पथ्य सोडतानाही घाई नको. आधी शिजवलेलं गाजर आणि नेहमीचं वरण, मग पोळी, भाकरी, उसळ शेवटी. सोबत पाणी भरपूर. आतडं आकसलेलं असेल तर हे सगळं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल, तर मऊ भातावर दिवस काढू नका, तपासून घ्या. आणि या आहाराचा कागद हातात पडला की ‘कधीपर्यंत?’ हे तिथेच विचारून तारीख त्याच्यावर लिहून घ्या.