संशय एक, क्रियापदे दोन

वृत्तपत्रातील गुन्हेविषयक बातम्यांमध्ये एक शब्द दोन ठिकाणी हमखास भेटतो. पोलिसांनी एखाद्याला ताब्यात घेतले की तो ‘संशयित’ ठरतो आणि पुढे पुरावा अपुरा पडला की ‘संशयाचा फायदा देऊन’ त्याची निर्दोष मुक्तता होते. म्हणजे ज्या संशयामुळे माणूस कोठडीत गेला, त्याच संशयामुळे तो बाहेर आला! मराठी वाचकाला यात काही खटकत नाही, कारण संदर्भावरून अर्थ उमगतो. इंग्रजीत मात्र हे दोन अगदी वेगळे शब्द आहेत. माणसाला आत नेणारा संशय म्हणजे ‘सस्पिशन’ आणि बाहेर आणणारा संशय म्हणजे ‘डाउट’. ‘सस्पेक्ट’ आणि ‘डाउट’ या त्यांच्या क्रियापदांची गल्लत झाली की वाक्याचा अर्थ नुसता बदलत नाही, तो उलटा होतो.

समजा, बँकेतील एका कर्मचाऱ्याला धनादेशावरील सही बनावट असावी अशी शंका आली. शंका म्हणजे डाउट, असे शाळेत पाठ केलेले असल्यामुळे त्याने वरिष्ठांना लिहिले, ‘आय डाउट दॅट द सिग्नेचर इज फोर्ज्ड.’ या वाक्याचा अर्थ होतो, ‘सही बनावट असेल असे मला वाटत नाही.’ वरिष्ठ निर्धास्त होऊन धनादेश वटवतील आणि सावध करण्यासाठी लिहिलेली चिठ्ठीच नुकसानीस कारणीभूत होईल. त्याला लिहायचे होते, ‘आय सस्पेक्ट दॅट द सिग्नेचर इज फोर्ज्ड.’

यातील नियम सोपा आहे. एखादी गोष्ट ‘असावी’ असे वाटत असेल तर सस्पेक्ट. ती ‘नसावी’ असे वाटत असेल किंवा तिची खात्री नसेल तर डाउट. शब्दांची कुळेही हेच सांगतात. डाउटचे मूळ लॅटिनमध्ये ‘दोन’ या अर्थाच्या शब्दाशी जुळते. आपल्याकडील ‘द्विधा’ मनःस्थितीशी त्याचे सख्य आहे. सस्पेक्टच्या मुळाशी ‘खालून पाहणे’ ही कल्पना आहे. डाउट करणारा दोन वाटांच्या तोंडाशी थबकतो. सस्पेक्ट करणाऱ्याची नजर एका गोष्टीवर आधीच खिळलेली असते.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. पुढे संपूर्ण वाक्य न येता केवळ नाम आले, तर ही दोन क्रियापदे बरीच जवळ येतात. एखाद्याच्या हेतूविषयी ‘आय डाउट हिज मोटिव्ह्ज’ म्हटले काय किंवा ‘आय सस्पेक्ट हिज मोटिव्ह्ज’ म्हटले काय, अविश्वासच व्यक्त होतो. घोटाळा होतो तो प्रामुख्याने ‘दॅट’ने सुरू होणाऱ्या उपवाक्यात.

वर्गात हात वर करून ‘सर, आय हॅव अ डाउट’ म्हणणे आपल्याकडे इतके रूढ आहे की त्यात कोणालाच वावगे वाटत नाही. पण ब्रिटिश वा अमेरिकन प्राध्यापकाला त्यातून ‘तुम्ही सांगता ते मला पटत नाही’ असा सूर ऐकू येण्याचा संभव आहे. नुसते काही विचारायचे असेल तर ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणणे चांगले.

शंकेसारखीच कथा आपल्या ‘वाटणे’ या क्रियापदाची. ‘तो येईल असे मला वाटते’ हे वाक्य इंग्रजीत नेताना आधी स्वतःला विचारावे, हे वाटणे कशाच्या आधारावर? विचारान्ती बनलेले मत असेल तर ‘थिंक’. पक्का पुरावा हाती नाही, पण भरवसा आहे, तर ‘बिलीव्ह’. फारशी खात्री नाही, पण बहुधा तसे असेल, तर ‘सपोज’. आणि निव्वळ अंदाज असेल तर ‘गेस’. मुलाखतीत ‘तुम्ही हे काम पार पाडाल का?’ या प्रश्नाला ‘आय सपोज सो’ असे उत्तर देणारा उमेदवार नकळत स्वतःविषयीच साशंकता दाखवतो. तेथे ‘आय बिलीव्ह आय कॅन’ हे उत्तर शोभते.

‘गृहीत धरणे’ यालाही इंग्रजीत दोन क्रियापदे आहेत, ‘अस्यूम’ आणि ‘प्रिझ्यूम’. व्यवहारात ती पुष्कळदा एकमेकांच्या जागी येतात. तरी अस्यूममध्ये पडताळा न घेता मानून चालणे असते, तर प्रिझ्यूममध्ये तसे मानण्यास काही सबळ कारण असते. म्हणूनच कायद्याला प्रिझ्यूम जवळचे. एखाद्या माणसाची खबर ज्यांना स्वाभाविकपणे मिळायला हवी, त्यांना ती सात वर्षे मिळाली नाही, तर तो हयात आहे असे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करावे, अशी तरतूद १८७२च्या भारतीय साक्ष्य कायद्यात होती. १ जुलै २०२४पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. अशा व्यक्तीला इंग्रजीत ‘प्रिझ्यूम्ड डेड’ म्हणतात, ‘अस्यूम्ड डेड’ सहसा म्हणत नाहीत. कारण या गृहीतामागे सात वर्षांच्या मौनाचा आधार असतो. उलट, कार्यालयात ‘आय अस्यूम्ड द पेमेंट वॉज मेड’ असे लिहिणे म्हणजे आपण चौकशी केली नाही, याची कबुलीच होय.

मनातील व्यापार दाखवणारी ही क्रियापदे केवळ अर्थ सांगत नाहीत. बोलणारा आपल्या विधानाची किती जबाबदारी घेतो, हेही सांगतात. म्हणून शब्दकोशातील एकच प्रतिशब्द पाठ करण्यापेक्षा, इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वी मराठीतच स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट ‘असावी’ असे मला वाटते की ‘नसावी’? आणि तसे वाटण्यास माझ्याकडे आधार कोणता? उत्तर मिळाले की योग्य क्रियापद शोधायला फारसे सायास पडत नाहीत.