मोकळं जग, मोकळी निवड?

राधानगरीच्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आपण पाहिलेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की ते उघडतात. तिथं कुणी काही ठरवत नाही. आपण मात्र ठरवतो, असं आपल्याला वाटतं. २०११चा ‘स्कायरिम’ हा व्हिडिओ गेम घ्या. मुख्य कामगिरी सोडून डोंगरदऱ्यांत हवं तिथं भटकावं! पुढे पार्थर्नॅक्स हा म्हातारा ड्रॅगन भेटतो. त्यानं पूर्वी माणसांवर अत्याचार केलेत, नंतर माणसांनाच मदतही केलीय. मारायचं की सोडायचं? आपण मारतो, हळहळतो आणि आधी सेव्ह केलेला टप्पा उघडतो. ड्रॅगन पुन्हा जिवंत! मग आपण निवडलं काय? वाटा पुष्कळ असणं म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. निवडलेल्या वाटेचं ओझं वाहायला लागलो, की ते सुरू होतं.