किल्ली परत घेण्याची शिस्त : गिटहब आणि ओळख-व्यवस्थापनाची सांगड

शाखेतील अधिकाऱ्याची बदली झाली की तिजोरीच्या किल्ल्यांचा ताबा दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपविला जातो. नोंदवहीत उभयतांच्या स्वाक्षऱ्या होतात आणि मगच अधिकारी कार्यमुक्त होतो. किल्ली खिशात घालून कोणी नव्या गावी रुजू होत नाही. संगणकाच्या किल्ल्या मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे त्या परत घ्यावयाच्या राहून गेल्या, तरी पुष्कळदा कोणाच्या लक्षात येत नाही.

मोबाईलवर खात्यातील शिल्लक पाहणे असो वा घरबसल्या केलेले रेल्वेचे आरक्षण, प्रत्येक सेवेमागे संगणकाची आज्ञावली असते. ती लिहिणारे अभियंते अनेक असतात व ते निरनिराळ्या शहरांतून काम करतात. त्यांनी लिहिलेला कोड एकत्र ठेवणारी आणि त्यातील प्रत्येक फेरफार कोणी व केव्हा केला याची नोंद राखणारी एक विख्यात सेवा म्हणजे गिटहब. २००८ मध्ये सुरू झालेली ही सेवा २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. येथील कोडच्या संग्रहास ‘रिपॉझिटरी’ असे म्हणतात.

एका चुकीचे मोल

हा संग्रह असुरक्षित राहिल्यास काय घडते, याचे बोलके उदाहरण उबर या प्रवासी वाहतूक कंपनीचे आहे. २०१६ मध्ये घुसखोरांनी अन्यत्र फुटलेले पासवर्ड वापरून कंपनीच्या गिटहबवरील खाजगी रिपॉझिटरीत प्रवेश मिळविला. त्या प्रवेशासाठी दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीची सक्ती नव्हती. आतील कोडमध्ये माहितीच्या साठ्याची किल्लीच लिहून ठेवलेली होती! परिणामी सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती घुसखोरांच्या हाती गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ही घटना उघड झाली आणि २०१८ मध्ये कंपनीने अमेरिकेतील राज्यांशी १४ कोटी ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

नमुना स्वाक्षरीचे तत्त्व

अशा प्रसंगांना आळा घालण्यासाठी गिटहबची सांगड संस्थेच्या ओळख-व्यवस्थापन प्रणालीशी घातली जाते. ऑक्टा किंवा मायक्रोसॉफ्टची एन्ट्रा आयडी या अशा प्रणाली होत. संस्थेत कोण कार्यरत आहे आणि कोणास कशाचा अधिकार आहे, याची एकच अधिकृत नोंदवही त्या सांभाळतात.

या दोहोंमधील संवाद ‘सॅमल’ या प्रमाणित पद्धतीने होतो. तिची २.० ही आवृत्ती २००५ मध्ये संमत झाली. तिचे तत्त्व बँकेच्या ग्राहकास परिचयाचेच वाटेल. धनादेशावरील स्वाक्षरी बँक आपल्याकडील नमुना स्वाक्षरीशी पडताळून पाहते. तद्वतच ओळख-प्रणालीचे प्रमाणपत्र गिटहबकडे आधीच नोंदविलेले असते. अभियंता संस्थेचा कोड पाहू इच्छितो, तेव्हा गिटहब त्यास ओळख-प्रणालीकडे पाठविते. तेथे पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याची पडताळणी पूर्ण झाल्यावर ती प्रणाली अंकीय स्वाक्षरी केलेले, अल्पकाळ वैध असलेले ओळखपत्र देते. गिटहब ती स्वाक्षरी तपासून प्रवेश देते. संस्थेचा पासवर्ड या व्यवहारात गिटहबपर्यंत पोहोचतच नाही.

ही जोडणी करताना क्रम पाळणे हिताचे ठरते. प्रथम प्रवेशाचा पत्ता, ओळख देणाऱ्या प्रणालीचे नाव व प्रमाणपत्र यांची नोंद करावी. नंतर चाचणी घ्यावी. आपत्कालीन संकेतांक उतरवून सुरक्षित स्थळी ठेवावेत. ओळख-प्रणालीच बंद पडली, तर प्रशासकास तेच उपयोगी पडतात. सर्व सदस्यांनी नव्या मार्गाने एकदा प्रवेश केल्याची खात्री झाल्यावरच सक्ती लागू करावी.

निघून जाणाऱ्याचे काय?

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. केवळ सॅमल जोडले म्हणजे काम संपले, असे नाही. कर्मचाऱ्याने नोकरी सोडल्यावर ओळख-प्रणालीतून त्याचे नाव काढले, तर त्यास नव्याने प्रवेश करता येत नाही. परंतु गिटहबवरील त्याचे सदस्यत्व आपोआप रद्द होत नाही. त्याने पूर्वी मान्य करून घेतलेले ‘टोकन’, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारे संकेतांक, पुढेही चालू राहू शकतात. दार बंद झाले, पण खिडकी उघडीच राहिली, असा हा प्रकार होय.

ही उणीव ‘स्किम’ ही दुसरी पद्धत भरून काढते. तिची २.० ही आवृत्ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. मुख्य नोंदवहीत झालेला बदल ती गिटहबला कळविते. नाव तेथे वगळले की संस्थेचे सदस्यत्व येथेही संपुष्टात येते.

तथापि काही गोष्टी मानवी दक्षतेवरच अवलंबून राहतात. एखाद्या रिपॉझिटरीस दिलेली ‘डिप्लॉय की’ ती तयार करणारा निघून गेल्यावरही चालू राहते. अभियंत्याच्या संगणकावर उतरविलेली कोडची प्रतही कोणतीही प्रणाली परत आणू शकत नाही. म्हणूनच कोडमध्ये पासवर्ड वा किल्ली कधीही लिहू नये. तसेच जबाबदार व्यक्ती बदलली की तिला ठाऊक असलेले संकेतांकही बदलावेत.

नव्या कर्मचाऱ्याला प्रवेश देण्यास विलंब झाला, तर तो स्वतःच आठवण करून देतो. गेलेल्याचा प्रवेश काढावयाचा राहिला, तर मात्र आठवण करून देणारे कोणी नसते. ती आठवण ठेवण्याचे काम ही सांगड करते. तिजोरी लोखंडाची असो वा कोडची, किल्ली देताना जितकी काळजी घ्यावी तितकीच ती परत घेतानाही घ्यावी, हेच खरे.