मोपाला उतरणाऱ्या विमानांची रांग लावायची कशी? घरच्या कॉम्प्युटरवर एटीसी शिकताना

पेडणे : ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. दाबोळी इथून हवेतून साधारण ४० किलोमीटर. तिथला तळ नौदलाचा, त्यामुळे नागरी विमानांच्या वेळांवर मर्यादा आहेत. शेजारी शेजारी दोन विमानतळ, म्हणजे आकाशातली वाहतूक नुसती बघायलाही रंजक. पेडणे, डिचोली, सावंतवाडी, दोडामार्गच्या मुलांना ती घरबसल्या हाताळून बघता येते.

त्यासाठी 'वॅटसिम' हे मोफत जाळं आहे. वयाची १३ वर्षं पूर्ण हवीत. जगभरातले हौशी पायलट आपापल्या सिम्युलेटरवर विमान चालवतात, आणि हौशी नियंत्रक 'युरोस्कोप'सारख्या रडार प्रोग्रॅमवर त्यांना सूचना देतात. बोलणं इंग्रजीत, तेही ठरलेल्या शब्दांत. पहिल्याच दिवशी माईक हातात येत नाही. आधी निरीक्षक म्हणून ऐकत बसायचं, मग प्रशिक्षण घेऊन ग्राउंड, टॉवर आणि त्यानंतर अप्रोच. विमानांची रांग लावण्याचा प्रश्न खरा तिथे येतो.

समजा, तीन विमानं १०.२० लाच धावपट्टीवर पोहोचणार आहेत आणि दोन उतरण्यांमध्ये ३ मिनिटांचं अंतर हवंय. मग वेळा झाल्या १०.२०, १०.२३ आणि १०.२६. तिसऱ्याला ६ मिनिटं उशीर करायचा. कसा? १०० सागरी मैलांवर असताना ३०० नॉट वेगाने त्याला २० मिनिटं लागतात, २५० नॉटने २४. म्हणजे ४ मिनिटं लांबूनच निघाली, उरलेली २ जरा वळसा देऊन. हेच विमान धावपट्टीजवळ येईपर्यंत गप्प बसलात, तर घिरट्याच घालाव्या लागतात. एक फेरी साधारण ४ मिनिटांची, इंधन जळतं ते वेगळं.

सीक्वेन्सिंग सॉफ्टवेअर हाच हिशेब सतत करतं. पडद्यावर वेळेची उभी पट्टी दिसते, तिच्यावर विमानांची नावं सरकत असतात आणि प्रत्येकासमोर किती मिनिटं घालवायची ते लिहिलेलं असतं. खऱ्या जगात पॅरिस, सिडनीला 'मायस्त्रो' नावाची अशी प्रणाली आहे. सिम्युलेटरवाल्यांची साधनं त्याच धर्तीची.

सुरुवात करताना धावपट्टी कुठली चालू आहे आणि दोन विमानांत किती अंतर, एवढं आधी नीट भरा. ते चुकलं की पुढचं सगळं चुकतं. अंतर सगळ्यांना सारखं नसतं. मोठ्या जड विमानामागे हवेत भोवरे राहतात, म्हणून त्याच्या मागे मध्यम विमान असेल तर किमान ५ सागरी मैल सोडावे लागतात, हलकं असेल तर ६. वाराही बघावा लागतो. आणि खरं सांगायचं तर पहिले काही दिवस सॉफ्टवेअर बंद ठेवून वही-पेन्सिलवरच वेळा मांडाव्यात. आकडा कुठून आला हे कळलं नाही, तर यंत्राने सांगितलेली चुकीची रांगही बरोबरच वाटते.

यातून नोकरीचा परवाना मिळत नाही, हे पालकांनीही लक्षात घ्यावं. खऱ्या एटीसीसाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाची भरती परीक्षा असते. भौतिकशास्त्र-गणितासह विज्ञानाची किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, वैद्यकीय तपासणी होते, आणि निवड झाल्यावर प्राधिकरणाच्या केंद्रात प्रशिक्षण. अशी मोठी प्रशिक्षण संस्था प्रयागराजला आहे. ज्या तालुक्यातल्या गावांच्या जमिनी मोपासाठी गेल्या, तिथल्या बारावी सायन्सच्या मुलांना टॅक्सी आणि लोडरच्या पलीकडची ही वाट निदान ठाऊक तरी असायला हवी.