विश्लेषण : जुन्या लाकडी जहाजातील गंजका बोल्ट काढणे इतके अवघड का?

लाकडी बोट जुनी होते तेव्हा अनेकदा फळ्यांच्या आधी त्यांना धरून ठेवणारे खिळे, स्क्रू आणि बोल्ट थकतात. ते बदलल्याशिवाय बोट वाचत नाही आणि काढताना नुसता जोर लावला, तर लाकूडच फुटते. स्वीडनमधील ‘वासा’ या प्रसिद्ध जहाजाचे बोल्ट बदलण्याचे काम २०११ ते २०१८ असे काही वर्षे चालले. हा धातू लाकडात एवढा अडून का बसतो आणि कारागीर तो कसा सोडवतात?

‘वासा’चे बोल्ट का बदलावे लागले?

‘वासा’ ही स्वीडनची युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत स्टॉकहोम बंदरात बुडाली. २४ एप्रिल १९६१ रोजी ती वर काढण्यात आली, तेव्हा तिचे ओक लाकूड बऱ्यापैकी शाबूत होते. मूळ लोखंडी बोल्ट मात्र पाण्यात केव्हाच गंजून गेले होते. सांगाडा एकसंध राहावा म्हणून पाच हजारांहून अधिक नवे लोखंडी बोल्ट बसवले गेले.

२००० च्या पावसाळी उन्हाळ्यात ओल्या कपड्यांनी येणाऱ्या पर्यटकांमुळे संग्रहालयातील दमटपणा वाढला आणि जहाजाच्या लाकडावर आम्लाचे पांढरे-पिवळे थर दिसू लागले. बंदराच्या प्रदूषित पाण्यातून शतकानुशतके लाकडात गंधक मुरले होते. त्याचे गंधकाम्ल होण्याच्या क्रियेला लोखंड वेग देत होते. मूळ बोल्टचे लोखंड लाकडात आधीच मुरलेले होते, त्यात नव्या बोल्टच्या गंजाची भर पडली. जहाज वाचवण्यासाठी ठोकलेले लोखंडच त्याला अपाय करू लागले होते. म्हणून हे बोल्ट काढून त्या जागी विशेष प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बसवण्यात आले.

धातू लाकडात एवढा घट्ट का बसतो?

लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापू शकतो. भोक तेवढेच असते, पण आतला बोल्ट फुगतो आणि पाचरीसारखा लाकडात रुतून बसतो. ओकसारख्या लाकडात टॅनिन आणि आम्लाचे प्रमाण जास्त असल्याने ओलाव्यात लोखंड आणखी लवकर झिजते. भोकाभोवती दिसणारे निळसर-काळे डाग हे लोखंड आणि टॅनिनच्या संयोगाचे असतात. असा डाग दिसला की आत झीज सुरू आहे, असे समजावे.

पितळेची अडचण वेगळी आहे. खाऱ्या पाण्यात पितळेतील जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे गुलाबीसर, भुसभुशीत तांबे उरते. स्क्रू वरून ठीक दिसतो, पण पहिल्याच पिळाला त्याचे डोके हातात येते.

दोन धातू शेजारी असतील तर?

खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांच्या संपर्कात आले की लहानशी बॅटरीच तयार होते आणि त्यातील कमी टिकाऊ धातू झिजतो. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून तळ वाचला, मात्र पत्र्यांना टेकलेले लोखंडी खिळे खाल्ले गेले. हा धडा मिळाल्यावर पुढे तांब्याच्या मिश्रधातूंचे बोल्ट वापरात आले.

या विद्युतक्रियेने लाकूडही बिघडते. जास्त टिकाऊ धातूभोवती अल्कली तयार होते आणि तिथले लाकूड मऊ पडते. अशा वेळी खिळा सहज निघतो, पण नवा खिळा धरायला लाकूडच उरत नाही.

काढायची सुरुवात कशी करतात?

जुन्या सागवानी दाराची बिजागरी काढणारा सुतार जी काळजी घेतो, तीच इथेही घ्यावी लागते. स्क्रूवर बसवलेले लाकडी बूच आणि लांबी आधी काढून डोक्यावरची खाच टोकदार हत्याराने पूर्ण साफ करतात. खाचेत नेमका बसणारा स्क्रू ड्रायव्हर घेतात. तो सैल असेल तर खाच झिजते आणि काम दुपटीने वाढते. मग ड्रायव्हरवर हातोडीचे हलके ठोके देऊन गंजाची पकड मोडतात. स्क्रू आधी किंचित आवळायचा आणि मग सैल करायचा, ही जुनी युक्ती अनेकदा लागू पडते.

गंज सैल करणारे तेल थेंबभर टाकून रात्रभर ठेवतात. ते जास्त झाले तर लाकडात मुरते आणि पुढे तिथे गोंद किंवा रंग धरत नाही. तेलाने भागले नाही, तर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक स्क्रूच्या डोक्यावर ठेवतात. धातू तापून फुगतो, निवताना आकसतो आणि गंजाची पकड सुटते. उघडी ज्योत मात्र टाळतात. बोटीच्या तळाशी डिझेल साचलेले असू शकते आणि जुन्या रंगात शिसे असू शकते.

बोल्ट आणि रिव्हेटचे काय?

बोल्ट ठोकून काढायचा असेल, तर नट पूर्ण काढत नाहीत, टोकाशी ठेवतात. त्यामुळे घाव नटवर बसतो, आटे पसरत नाहीत आणि बोल्ट भोकात अडकत नाही. तो थोडा सरकला की नट काढून भोकापेक्षा किंचित बारीक सळईने पुढे ढकलतात. नट फिरतच नसेल, तर तो कापून टाकतात. तांब्याच्या खिळ्याचे टोक वॉशरवर चेपून रिव्हेट केलेले असते. ते चेपलेले टोक घासून काढून खिळा आतून बाहेर ठोकतात. कटावणी घालून उचकटला, तर फळीचा तुकडा घेऊनच तो बाहेर येतो.

स्क्रू मध्येच तुटला, तर पोकळ नळीसारख्या दातेरी कटरने त्याच्याभोवतीचे थोडे लाकूड कापून तो लाकडासकट बाहेर काढतात. त्या जागी त्याच जातीच्या लाकडाचे बूच, रेषा जुळवून, चिकटवतात आणि नवे भोक पाडतात. एका वेळी थोडेच बोल्ट काढायचे आणि सांगाड्याला आधार द्यायचा, हे पथ्य पाळावेच लागते. नाहीतर बोटीचा आकार बिघडतो.

नवे काय बसवायचे?

पाण्यात राहणाऱ्या बोटीसाठी पाण्याच्या पातळीखाली सहसा सिलिकॉन ब्राँझ पसंत करतात. स्टेनलेस स्टीलला टिकायला प्राणवायू लागतो. ओल्या लाकडात तो मिळत नाही आणि खाचखळग्यांतून झीज सुरू होते. ‘वासा’ संग्रहालयात कोरड्या जागी असल्याने तिथे स्टीलचा पर्याय चालला.

लाकडाच्या निवडीनेही फरक पडतो. ओकच्या तुलनेत सागवान लोखंडाला कमी त्रास देते. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे दुरुस्तीनंतर पाहता येते.

बोल्ट निघाले की धोका संपतो का?

नाही. ‘वासा’च्या लाकडात मुरलेले लोखंड आणि गंधक बोल्टसोबत बाहेर आले नाही. म्हणूनच तिथे हवेतील आर्द्रता स्थिर ठेवणे आणि जहाजावर सतत नजर ठेवणे सुरूच आहे. लहान बोटीच्या बाबतीतही तेच. नवा स्क्रू बसवण्याआधी भोकाभोवतीचे मऊ, काळवंडलेले लाकूड तपासले नाही, तर तो स्क्रू फार काळ फळी धरून ठेवू शकत नाही.