लिटरभर तेल किलोभर का नसतं?

जबलपूरच्या अधारतालमधलं जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ 1964 सालचं. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला त्याचा पत्ता ठाऊक नसेल, पण ‘जेएस 335’ ठाऊक असतंच. 1994 मध्ये आलेला सोयाबीनचा हा वाण याच विद्यापीठाचा. जेएस म्हणजे जवाहर सोयाबीन. वस्तुमान, आकारमान आणि घनता यांबद्दलचे आपले बरेच गैरसमज या एका दाण्यावर तपासून पाहता येतात.

सर्वांत पक्का गैरसमज म्हणजे लिटर आणि किलो एकच. पाण्याच्या बाबतीत ते जवळपास खरं आहे. लिटरभर दूध मात्र साधारण 1,030 ग्रॅम भरतं आणि सोयाबीन तेलाच्या लिटरच्या पिशवीवर 910 ग्रॅमच्या आसपासचा आकडा छापलेला असतो. तो वाचून अनेकांना वाटतं, 90 ग्रॅम मारले! तसं नसतं. तेलाची घनता, म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, पाण्यापेक्षा कमी आहे, एवढंच.

ग्राहकाचं नुकसान होतं ते वेगळ्याच जागी. तापवलं की तेल फुगतं. वस्तुमान तेवढंच राहतं, आकारमान वाढतं, घनता उतरते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दिलेल्या आकड्यांनुसार लिटरभर सोयाबीन तेल 21 अंश सेल्सिअसला 919 ग्रॅम भरतं, तर 60 अंशांना 892.6 ग्रॅम. काही उत्पादक पिशवीवर ‘60 अंशांना 1 लिटर’ असं छापत. स्वयंपाकघरात तेल 60 अंशांवर कोण ठेवतं? तेच 892.6 ग्रॅम तेल 21 अंशांना जेमतेम 971 मिलिलिटर भरतं. म्हणून 2022 च्या ऑगस्टमध्ये विभागाने सांगितलं की तापमानाचा उल्लेख काढा आणि लिटरसोबत वजनही छापा. शाळेतलं घनतेचं सूत्र इतकं थेट खिशाशी येऊन भिडतं, हे मुलांना याच पिशवीवरून शिकवायला हवं.

‘तेल पाण्यापेक्षा दाट, म्हणून जड’ हेही चुकीचं. ओतताना ते संथ वाहतं, हा त्याच्या चिकटपणाचा गुण. घनतेशी त्याचा संबंध नाही. तेल पाण्यावर तरंगतं, यातच काय ते आलं.

आता खुद्द दाणा घ्या. तेल तरंगतं, मग तेलबी तरंगायला हवं? निरोगी सोयाबीन पाण्यात टाकलं तर तळाशी जातं. दाण्यात तेल पाचव्या हिश्शाच्या आसपास. बाकीची प्रथिनं आणि कर्बोदकं पाण्याहून जास्त घनतेची. दाण्याची डाळ केली तरी तीही बुडते. तुकडा लहान झाला म्हणजे घनता कमी झाली असं होत नाही, कारण वस्तुमान आणि आकारमान दोन्ही त्याच प्रमाणात घटतात. एकटा दाणा पोत्यापेक्षा कितीतरी हलका, तरीही तो बुडतो. ‘जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं’ हा नियम इथेच निकालात निघतो.

याच दाण्यांचा आणखी एक चकवा आहे. 100 ग्रॅम सोयाबीन कोरड्या मापात ओतलं तर साधारण 140 मिलिलिटरची जागा व्यापतं. तेच पाण्याने अर्ध्या भरलेल्या मापात सोडा; पाणी लगेच वाचलं तर 80 ते 90 मिलिलिटरनेच चढलेलं दिसेल. उरलेली जागा दाण्यांमधल्या हवेची होती. म्हणजे ढिगाची घनता वेगळी, दाण्याची वेगळी. पायलीने मोजताना माप हलवून, ठोकून भरलं की जास्त धान्य बसतं, ते याच पोकळीमुळे.

अधारतालच्या काळ्या मातीलाही हेच लागू. मातीच्या कणांची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे 2.65 ग्रॅम, पण शेतातल्या मातीची, पोकळ्या धरून, त्याच्या निम्म्याच्या आसपास. ओल्या रानात ट्रॅक्टर फिरला की कण बदलत नाहीत, पोकळ्या दबतात. मातीचं वस्तुमान तेवढंच, आकारमान कमी, घनता जास्त. आणि मुळांना हवा-पाणी मिळणं कठीण. माती दबली तर ती कसदार झाली, असं कुणी समजू नये.

तेल घेताना लिटरचा मोठा आकडा बाजूला ठेवा, शेजारचे ग्रॅम वाचा आणि किमतीला त्या ग्रॅमनी भागून दोन पिशव्यांची तुलना करा.