सांध्यातलं रक्त (लेखांक ७) : गुडघ्याची खबर रक्तातून?

या आठवड्यात सोनोग्राफीबद्दल लिहिणार होतो. ते पुढे ढकलतो, कारण एका वाचक आईंचं पत्र आलं आहे. मुलगा आठ वर्षांचा, तीव्र हिमोफिलिया ए. त्या विचारतात, ‘सासूबाईंची गेल्या तीन महिन्यांची साखर एका रक्ततपासणीत कळते, मग माझ्या मुलाच्या गुडघ्याचं काय चाललंय ते का कळू नये?’

याच प्रश्नामागे मी बरीच वर्षं आहे, त्यामुळे आज आवरतं घेणार नाही.

प्रश्न भाबडा तर मुळीच नाही. २००७ साली मॅरिलिन मॅन्को-जॉन्सन यांच्या गटाने अमेरिकेतल्या ६५ लहान मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नियमित फॅक्टर (रक्त गोठवणारं प्रथिन) घेणाऱ्यांपैकी ९३ टक्के मुलांचे सांधे सहाव्या वर्षी एमआरआयवर धड होते. रक्तस्राव झाल्यावरच घेणाऱ्यांमध्ये ५५ टक्के. हे आकडे प्रत्येक मेळाव्यात ऐकवले जातात. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. काही सांध्यांत एकदाही रक्तस्राव झाल्याची नोंद नव्हती, सूज नाही की दुखणं नाही, तरी एमआरआयवर सांधा खराब निघाला. म्हणजे आई डोळ्यांत तेल घालून बसली तरी तिला न दिसणारं काहीतरी आत घडत असतं. मागच्या आठवड्यात लिहिलं होतं, रक्तातलं लोह सांध्याला इजा करतं. त्याला थोडं रक्तही पुरतं.

मग रक्तात खूण शोधायची ती कशाची? माझं लाडकं प्रथिन कॉम्प. १९९२ मध्ये स्वीडनमधल्या लुंडच्या डिक हायनेगोर्ड यांच्या गटाने त्याचं वर्णन केलं. पाच सारखे घटक मध्यभागी जोडलेले, कूर्चेतले कोलॅजनचे धागे जागेवर धरून ठेवायला मदत करणारे. कूर्चा झिजली की त्याचे तुकडे सांध्याच्या द्रवात येतात, तिथून लसिकावाहिन्यांमार्गे रक्तात. त्या गटाच्या पहिल्या शोधनिबंधात ते फक्त कूर्चेत सापडतं असं म्हटलं होतं. पुढे ते कंडरांत सापडलं, गुडघ्याच्या गादीत सापडलं, आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात अडचणीचं म्हणजे सांध्याच्या अस्तरातही. हिमोफिलियात सुजून जाड होतं ते नेमकं हेच अस्तर. तेव्हा आकडा वाढला तर कूर्चा झिजली म्हणायचं की अस्तर चिडलं म्हणायचं?

शिवाय हे प्रथिन भलतंच चंचल, चालण्यानेही हलणारं. अर्धा तास चाललात की रक्तातलं प्रमाण वाढतं आणि विश्रांती घेतली की उतरतं. मॅरेथॉन धावणाऱ्यांचं वाढतं, रात्री झोपेत सगळ्यांचंच घटतं, दोन आठवडे अंथरुणावर पडून राहिलेल्या निरोगी माणसाचंही घटतं. आता आपल्या मुलाचा विचार करा. गुडघ्यात रक्त उतरलं की आपण त्याला झोपवतो, पाय उशीवर, बर्फ. एकीकडे सांधा बिघडतोय म्हणून आकडा चढायला हवा, दुसरीकडे पोरगं निजून आहे म्हणून तो उतरायला हवा. त्याच दिवशी काढलेल्या नमुन्यावरून काय वाचणार?

मुलांच्या बाबतीत दुसरी एक खूण तर आणखी फसवी. टाइप टू कोलॅजन तुटल्यावर त्याचं एक टोक लघवीत येतं. सीटीएक्स-टू म्हणतात त्याला. मोठ्यांमध्ये उपयोगी. पण वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या कूर्चेत हेच कोलॅजन सतत मोडत असतं, ही उंची वाढण्याचीच प्रक्रिया. आठ वर्षांच्या मुलाच्या लघवीत त्याचा पूर असतो आणि एका घोट्याची झीज त्यात कुठल्या कुठे बुडून जाते.

हायलुरोनिक आम्ल हे प्रथिन नव्हे, पण संधिवातवाले ते मोजतात म्हणून त्याचाही किस्सा सांगतो. ते रक्तातून साफ करण्याचं काम मुख्यतः यकृताचं. १९८५च्या आसपास फॅक्टर तापवून विषाणू मारायची पद्धत रुळली. त्याआधीच्या फॅक्टरवर वाढलेल्या पिढीला हिपॅटायटिस सी मोठ्या प्रमाणावर झाला. यकृत कडक झालं की हे आम्ल रक्तात साचतं. यकृताचे डॉक्टर ते त्यासाठीच मोजतात. म्हणजे आपण गुडघा वाचतोय समजून यकृत वाचत बसायचं!

या सगळ्याच्या मुळाशी एकच अडचण आहे. गावाखालचा ओढा गढूळ झाला म्हणजे वर कुणाच्या तरी शेतातली माती वाहिली एवढं कळतं, कुणाच्या ते कळत नाही. रक्तात दोन गुडघे, दोन घोटे, दोन कोपरे आणि उरलेलं सगळं शरीर एकत्र येतं. तरुण मुलांत एकच घोटा बिघडलेला असतो आणि बाकीचे सांधे ठणठणीत, तिथे तर ही बेरीज फारच बोथट.

म्हणून पत्रातल्या प्रश्नाला माझं उत्तर : आज अशी तपासणी करून घेऊ नका, कुणी खासगी प्रयोगशाळेत करून देतो म्हणाला तरी. या खुणांचा उपयोग सध्या संशोधनात आहे. दोन उपचारांच्या गटांची तुलना करायची, किंवा त्याच माणसाचा नमुना त्याच वेळी, तेवढीच विश्रांती देऊन पुन्हा पुन्हा घ्यायचा, तिथे त्या बोलतात. एकट्या आकड्याला अर्थ नाही. मला स्वतःला आशा आहे ती तीन-चार खुणा एकत्र वाचण्याच्या पद्धतीची, पण ती अजून दवाखान्यापर्यंत आलेली नाही.

मुलाचा गुडघा आत्ता पाहायचा असेल तर सोनोग्राफीचं यंत्रच हवं. ते पुढच्या आठवड्यात, दुसरं पत्र आलं नाही तर.